मल्ल दारासिंग

वैशाख महिन्यात अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. त्या दिवसांत बोरी नदीच्या कोरड्या पात्रात जणू दुसरे गावच वसते. भांड्यांची दुकाने, रहाटपाळणे, तमाशाचे फड, आणि या सर्वांच्या पलीकडे फिरत्या चित्रपटगृहाचा तंबू. मी दहा वर्षांचा होतो, म्हणजे १९७० च्या सुमारास, त्या तंबूत वाळूवर बसून मी ‘फौलाद’ हा चित्रपट पाहिला. तो १९६३ साली निघालेला. आमच्यापर्यंत पोहोचेतो त्याची फीत जीर्ण झाली होती. ती वरचेवर तुटे, तंबूत अंधार होई आणि प्रेक्षक शिट्ट्यांनी आकाश डोक्यावर घेत. परंतु पडद्यावर दारासिंग उभे राहिले, की सारा तंबू कसा चिडीचूप होई. यात्रा संपते न संपते तोच आम्ही पाचसहा मुले गावच्या तालमीत दाखल झालो.

आमच्या उत्साहाचे मूळ कळताच वस्तादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कुस्ती म्हणजे लाल मातीतली. दोऱ्यांच्या कुंपणात तिकिटे लावून चालतो तो नुसता खेळ, असे त्यांनी आम्हांला स्पष्ट सांगितले. त्यांचे दैवत होते खाशाबा जाधव. साताऱ्याकडील गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. “खाशाबांचे चित्र कोणत्या तंबूत लागले आहे का?” असे वस्तादांनी विचारले, तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही. दारासिंग खरे मल्ल, की मल्लाचे सोंग घेतलेले नट, हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून राहिला.

दारासिंगांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक या खेड्यात झाला. घराणे शेतकऱ्याचे. त्यांची उंची व अंगलट लहानपणापासूनच डोळ्यांत भरण्यासारखी होती. १९४७ साली ते पोटासाठी सिंगापूरला गेले आणि एका कारखान्यात काम करू लागले. तेथेच हरनामसिंग या गुरूंच्या हाताखाली त्यांच्या मल्लविद्येला आकार आला. दिवसा कष्ट आणि उरलेल्या वेळी मेहनत, असा तो क्रम होता. पुढे भारतात परतल्यावर १९५४ साली त्यांनी ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब जिंकला. १९५९ साली कलकत्त्यास जॉर्ज गोर्डिएन्को याला हरवून त्यांनी राष्ट्रकुल अजिंक्यपद मिळविले. त्यांची एकही कुस्ती हरलेली नाही, असे त्यांचे चाहते सांगत. असल्या हिशेबावर मी फारसा विसंबत नाही. धंदेवाईक कुस्तीचा निकाल पुष्कळदा आधीच ठरलेला असतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. वस्तादांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता.

पण त्या आक्षेपाचे एक उत्तर दारासिंगांच्या प्रतिस्पर्ध्यानेच देऊन ठेवले आहे. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी लू थेझ या नामांकित अमेरिकन मल्लाला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविले. थेझ तेव्हा बावन्न वर्षांचे होते. अस्सल आणि नकली यांतला फरक कळण्याइतके आयुष्य त्यांनी आखाड्यात काढले होते. दारासिंग हे खरे कुस्तीगीर आहेत, त्यांच्या अंगात उत्तम तयारी आहे आणि त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला कमीपणा वाटला नाही, अशी कबुली थेझ यांनी मागाहून दिली. खेळ रचलेला असेल, शरीर रचलेले नव्हते.

चित्रपटात ते प्रथम दिसले १९५२ साली, ‘संगदिल’मधील एका लहानशा भूमिकेत. नायक म्हणून त्यांचे नाव झाले ते बाबुभाई मिस्त्री यांच्या ‘किंग काँग’ने, १९६२ साली. पुढे ‘फौलाद’, ‘सॅमसन’, ‘लुटेरा’ असे पोशाखी मारधाडीचे चित्रपट एकामागून एक निघाले. थोड्या पैशांत तयार होणारे हे चित्रपट लहान गावांत आणि यात्रांत गर्दी खेचीत. मोठ्या नायिका त्यांच्याबरोबर काम करण्यास नाखूश असत. म्हणून मुमताज या नवख्या मुलीला संधी मिळाली. दोघांनी मिळून बरेच चित्रपट केले आणि ती पुढे स्वतःच्या बळावर आघाडीची नटी झाली. ‘सिकंदर-ए-आझम’मध्ये तर पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर दारासिंग सिकंदर म्हणून उभे राहिले. अभिनयात ते कच्चे होते, यात संशय नाही. तंबूतल्या आम्हांला त्याची खंत नव्हती. मात्र पडद्यावर इतकी कीर्ती मिळूनही त्यांनी १९८३ पर्यंत कुस्ती सोडली नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते. पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ते आखाड्यातून निवृत्त झाले. २००३ ते २००९ या काळात ते राज्यसभेचे सभासद होते. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता राहिली वस्तादांची गोष्ट. आमच्या तालमीच्या कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती होता. त्याला नमस्कार केल्यावाचून कोणी हौद्यात उतरत नसे. १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. गावात दूरचित्रवाणी संच एकाच घरी होता. रविवारी सकाळी त्या घराचे अंगण माणसांनी फुलून जाई. तोपर्यंत मी शिक्षक झालो होतो. वस्ताद पुरते थकले होते. मारुतीचे दर्शन होणार म्हणून त्यांना खाटेसकट आणून पुढे बसविले. हा मारुती म्हणजे तुमचा तोच तंबूतला दारासिंग, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गदा खांद्यावर घेतलेला हनुमान पडद्यावर आला. बायकांनी हात जोडले. वस्तादांनी मात्र हात जोडले नाहीत. ते पुढे वाकून बराच वेळ त्याच्या मांड्यांकडे आणि मानेकडे पाहत राहिले, बाजारात बैल पारखावा तसे. मग माझ्याकडे वळून आपल्या अहिराणीत म्हणाले, “गुरुजी, हाई मांडी मातीनी शे.”

मी त्यांना नाव सांगितले. ते काही बोलले नाहीत. खाट आणखी थोडी पुढे सरकवा, अशी त्यांनी हाताने खूण केली.