दक्षिणेची भीती आणि पश्चिमेची खिडकी

बीड जिल्ह्यात घर बांधायला काढलं की पहिली चर्चा दाराची होते. दार कुठल्या तोंडाचं, देवघर कोणत्या कोपऱ्यात, मग कॉलम किती, सळई कोणती. खिडकीची पाळी येते ती भिंत कमरेएवढी झाल्यावर. मिस्त्री विचारतो, ‘‘मालक, खिडकी कुठं सोडायची?’’ आणि मालक भिंतीच्या मधोमध बोट दाखवतात. त्या एका बोटावर पुढची तीस-चाळीस वर्षं घरात कुणी कुठं झोपायचं, दुपारी कुणी कुठं बसायचं आणि विजेचं बिल किती यायचं हे ठरून जातं. माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा आहे. आपल्या भागात आधी खिडक्या ठरवाव्यात, मग त्यांच्या मागे खोल्या लावाव्यात. आणि खिडक्या ठरवताना दक्षिणेला नव्हे, पश्चिमेला भ्यावं.

हे नुसतं मत नाही, सूर्याचा हिशोब आहे. बीड साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर येतं. मेच्या मध्याला इथं शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगालाच राहतो. दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन शिवतसुद्धा नाही. एप्रिलमध्ये दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं खरं, पण इतकं उंचावरून की दोन फुटी छज्जा सगळी खिडकी झाकतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य 47-48 अंशांपर्यंतच चढतो, आणि तोच छज्जा चार फूट उंच खिडकीचा वरचा अर्धा भाग झाकून खालच्या अर्ध्यातून ऊन आत सोडतो. थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर, आणि त्यासाठी जास्तीचा खर्च काही नाही. आता पश्चिमेला हाच छज्जा लावून पाहा. मेच्या मध्यात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण 32 अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम सव्वा फूट उतरते. साडेपाचला तर आठ इंच. बाकीचं ऊन सरळ पलंगावर. छज्जा तीन फुटी केला तरी मावळतीच्या उन्हाला तो अडवू शकत नाही, कारण ते वरून येतच नाही, समोरून येतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: दक्षिण यमाची दिशा, तिकडं उघडं ठेवायचं नाही. दाराबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. दार हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा आणि रस्ता कुठून जातो याचा प्रश्न आहे. पण दक्षिण बंद करून हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला घेणारी घरं नव्या लेआउटांमध्ये ओळीनं उभी आहेत, आणि त्या खिडक्यांना मार्च लागला की आतून जाड पडदे, बाहेरून हिरवी जाळी चढते. वर्षातले चार महिने झाकून ठेवायची तर ती खिडकी कशाला? गंमत अशी, की वास्तू सांगणारेच नैऋत्य कोपरा जड ठेवा म्हणतात आणि स्वयंपाकघर आग्नेयेला द्या म्हणतात. या दोन्ही गोष्टी इथल्या हवामानाला चपखल बसतात. नैऋत्येला जिना आणि कोठीची खोली आली की पश्चिमेचं ऊन त्यांच्या अंगावर जातं. आणि आपल्याकडं उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहत असल्यानं आग्नेयेतला फोडणीचा खाट घरभर न फिरता बाहेर निघून जातो. म्हणजे वास्तूचे हे नियम पाळूनही दक्षिणेला खिडकी ठेवता येते. अडतं ते फक्त नियम अर्धा ऐकल्यामुळं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुन्या माणसांनी कुठं खिडक्या ठेवल्या होत्या? माळवदाच्या घरात एखादा झरोका आणि छतात एक सवणं, एवढ्यावर पिढ्या गेल्या. खरं आहे. पण त्या घराची भिंत दीड-दोन फुटांची, दगड-मातीची. डोक्यावर लाकडाच्या आढ्यांवर रचलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्यातून आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि रात्री माणसं माळवदावर किंवा अंगणात झोपत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच जड माती आणि दगड शेजारच्या लातूर-धाराशिवमधल्या झोपेतल्या माणसांवर कोसळले, आणि साऱ्या मराठवाड्याचा त्या बांधकामावरचा विश्वास उडाला. सिमेंट-स्लॅबकडं वळणं शहाणपणाचंच होतं. फक्त भिंत बदलली आणि झरोका तेवढाच राहिला. सहा इंची भिंत ऊन अडवत नाही, आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली आग सोडत राहतो. अशा घराला दिवसा बंद आणि रात्री सताड उघडी अशी खिडकी लागते, आणि छताखाली साठलेली गरम हवा बाहेर पडायला लिंटेलच्या वर एक व्हेंटिलेटरही. पूर्वीच्या स्लॅबच्या घरांत तो असायचा. माळ्यानं आणि पीओपीनं तो खाल्ला. भूकंपातून घ्यायचा धडा खिडकी टाळण्याचा नाही: लिंटेलचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा आणि लोड बेअरिंगच्या घरात खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब ठेवा.

आता खरी अडचण. वाराही पश्चिमेचा आणि ऊनही पश्चिमेचं. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पश्चिम पूर्ण बंद केली तर संध्याकाळची झुळूक जाते. म्हणून तिथं काचेची मोठी खिडकी न घेता अरुंद, उभी आणि आतून भरीव फळ्यांची घ्यावी. दुपारी दोनला लावायची, दिवेलागणीला उघडायची. वाऱ्याला आत यायला लहान तोंड आणि बाहेर जायला समोरच्या भिंतीत मोठं तोंड मिळालं की तो अंगाला लागतो. समोर वाटच नसेल तर कितीही मोठ्या खिडकीतून तो आत येत नाही. उत्तरेची खिडकी सगळ्यात सोयीची, पण मे-जूनमध्ये मावळता सूर्य तिच्यातूनही तिरपा डोकावतो. जूनच्या अखेरीला तो नेमक्या पश्चिमेच्या 25 अंश उत्तरेला मावळतो. खिडकीच्या पश्चिमेच्या कडेला फूटभर रुंद शहाबादी फरशी उभी बसवली की बहुतेक काम भागतं.

मापाबाबत राष्ट्रीय इमारत संहितेनं उष्ण-कोरड्या हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याइतकी उघडी जागा सांगितली आहे. दहा बाय बाराच्या खोलीला 12 चौरस फूट, म्हणजे चार बाय तीनची एक खिडकी. पण हल्ली सगळे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवतात, आणि ती एका वेळी अर्धीच उघडते. कागदावरचे 12 फूट भिंतीत सहा होतात. त्यात तिच्यासमोर लोखंडी कपाट येतं, कारण ते ठेवायला दुसरी भिंतच उरलेली नसते. म्हणून नकाशावर खोली काढण्याआधी कागदाचे तुकडे कापावेत: सहा बाय साडेसहाचा पलंग, तीन बाय दीडचं कपाट, शिलाई मशीन, धान्याची कोठी. ते लावून उरलेल्या भिंतीत खिडकी बसते का ते पाहावं. बसत नसेल तर दाराची जागा हलवावी, तीही चुन्याची आखणी पुसता येते तोवरच. गॅसच्या शेगडीच्या अगदी मागे खिडकी नको, वाऱ्यानं आच विझते. ओट्याच्या कडेला हवी. आणि कूलर आहे म्हणून खिडकी नको, हे तर उफराटंच. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो; समोरून तेवढीच हवा बाहेर गेली नाही की खोली दमट होऊन अंग चिकट होतं. शिवाय टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात कूलरच्या टाकीला पाणी आणायचं कुठून?

अरुंद प्लॉटचं उत्तर सोपं नाही. वीस बाय पन्नासच्या जागेला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती येतात. शेजारचा प्लॉट आज मोकळा आहे म्हणून तिकडं खिडक्या घेऊ नयेत. 1882 च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणं उजेड-वाऱ्याचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वापरानंतर मिळतो, आणि शेजारी तितकी वर्षं थांबत नाही. त्यापेक्षा घराच्या मध्यात पाच बाय आठचा चौक आकाशाला उघडा सोडावा आणि खोल्यांच्या खिडक्या त्यात उघडाव्यात. चाळीस फूट जागा गेली म्हणून घरातले कुरकुरतील, पण चौकाशिवाय मधली खोली दिवसा दिवा लावून वापरावी लागते, आणि तशी खोली शेवटी अडगळीचीच होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना चोरीची धास्ती असते, म्हणून खिडकी वीतभर ठेवतात. पण दिवाळीच्या आसपास गेलेलं कुटुंब परततं ते उन्हाळ्यात. म्हणजे ते घर प्रामुख्यानं ऊन आणि पाऊस याच काळात राहतं असतं. ग्रील चौकटीसोबतच भिंतीत पक्की करावी, आतून पत्र्याचं दार लावावं, पण माप कमी करू नये. घर सरकारी घरकुल योजनेतलं असेल तर जागा आणखी मोजकी: किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, आणि मदतही बेताची. एवढ्यात दोन खोल्या आणि दोनच खिडक्या निघतात. रस्ता पश्चिमेला असला की दार आणि दाराशेजारची खिडकी दोन्ही तिकडंच जातात. दार जाऊ द्यावं. मजूर तेच, विटा त्याच, चौकटीही दोनच लागतात. एक दक्षिणेच्या भिंतीत छज्ज्याखाली बसवायची, दुसरी तिच्या समोर उत्तरेला, आणि मधल्या भिंतीतलं दार त्या दोघींच्या रेषेत ठेवायचं.