बळी आणि अर्पण

मंडळीच्या अभ्यासासाठीं. वाचावयाचे शास्त्रभाग: यशया 53, योहान 9.1-7, 10.11-18, 11.47-53, 1 पेत्र 2.18-25.



आपल्या मराठी भाषेंत 'बळी' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. सांथीनें माणसें मेलीं म्हणजे आपण म्हणतों कीं, सांथीनें इतके बळी घेतले. आणि वेदीवर जें अर्पिलें जातें त्यासही आपण बळीच म्हणतों. शब्द एक असल्यामुळें आपल्या मनांतही त्या दोन गोष्टींची गल्लत होते. ज्याचा जीव अन्यायानें गेला, त्याच्या घरच्यांस आपण सहज सांगून जातों कीं, देवाला हें बलिदान हवें होतें. असें सांगणें शास्त्राला धरून आहे काय, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

आर्णी व तिच्या भोंवतालच्या गांवांतील वाचकांस दूरचें उदाहरण देण्याचें कारण नाहीं. 2017 सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले, आणि त्यांपैकीं वीसांहून अधिक दगावले. त्या वर्षीं पऱ्हाटी कोठें कोठें माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. त्यामुळें उडालेलें औषध तोंडावर व अंगावर येई. हवा दमट, सदरा घामानें भिजलेला, हातांत मोजे नाहींत, तोंडाला फार तर एक दुपट्टा. कित्येकांस उलट्या झाल्या, कित्येकांच्या डोळ्यांपुढें अंधारी आली. पुष्कळांस यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. पुढें सरकारनें चौकशीसाठीं विशेष पथक नेमिलें. आजारी पडलेल्यांत पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतांत रोजानें गेलेले होते. 'फवारणीचे बळी' असें आपण त्यांस म्हणतों. तो शब्द कोणत्या अर्थानें म्हणावा?

1. पाप कोणाचें?

जन्मांध मनुष्य वाटेंत दिसतांच शिष्यांस हिशेब हवा होता. पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें तो हिशेबच नाकारिला. त्यानें चिखल करून त्याच्या डोळ्यांस लाविला व त्यास दृष्टि दिली. शिष्य कारण शोधीत होते. प्रभूनें त्या मनुष्याकडे पाहिलें. शिलोहाचा बुरूज पडून अठरा मनुष्यें मेलीं, तेव्हांही प्रभूनें स्पष्ट सांगितलें कीं, तीं यरुशलेमांतील इतरांहून अधिक अपराधी नव्हतीं, ऐकणाऱ्यांनीं आपला पश्चात्ताप करावा (लूक 13.4-5). ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून ते त्याचें पाप शोधूं लागले, आणि शेवटीं देवाचा कोप ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर झाला (ईयोब 42.7).

2017 सालींही पुष्कळांनीं म्हटलें कीं, मजुरांनींच काळजी घेतली नाहीं. काळजी घ्यावयास नको होती काय? हवी होती. परंतु एक दिवसाचा रोज बुडाला तर ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं, त्यानें मालकाजवळ मोजे व चष्मा मागावा कसा? मेलेल्या मनुष्याची चूक मोजणें सोपें असतें, कारण तो उत्तर देत नाहीं.

2. अन्यायास अन्यायच म्हणावें

शास्त्र दुःखाला गोड नांव देत नाहीं. काइनानें हाबेलास मारिलें, तेव्हां हाबेलाचें रक्त जमिनींतून देवाकडे ओरडलें. ती ओरड देवानें ऐकिली आणि काइनास जाब विचारिला (उत्पत्ति 4.9-10). याकोबाच्या पत्रांत शेतांत राबणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानीं जाते (याकोब 5.4). देव ज्या ओरडीला कान देतो, ती आपण धार्मिक बोलण्यानें दाबावी काय?

योसेफाचें उदाहरण येथें नीट समजून घेतलें पाहिजे. भावांनीं त्यास विकलें, खोट्या आरोपावरून तो बंदिशाळेंत गेला, आणि पुढें त्याच्याच हातून दुष्काळांत पुष्कळांचे प्राण वांचले. तरी शेवटीं भावांशीं बोलतांना त्यानें त्यांच्या कृत्यास वाईटच म्हटलें (उत्पत्ति 50.20). देवानें त्या वाइटांतून चांगलें काढिलें. त्यामुळें वाईट चांगलें झालें नाहीं.

3. कयफा आणि ख्रिस्त

आतां पाठाच्या मुख्य गोष्टीकडे येऊं. सभा भरली असतां प्रमुख याजक कयफा ह्यानें सल्ला दिला कीं, सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षां एका मनुष्यानें मरावें हें हिताचें आहे. ह्या बोलण्यांत बलिदानाची भाषा आहे, पण बलिदान नाहीं. कारण कयफा आपला जीव देत नव्हता, दुसऱ्याचा देत होता. त्याच्या नकळत त्याच्या तोंडून भविष्यवाद निघाला, असें योहान सांगतो. तरी त्या सभेचा अपराध त्यामुळें धुतला गेला नाहीं.

ह्याच्या उलट प्रभूचें वचन पाहा. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठीं आपला प्राण देतो, तो कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाहीं, तो आपण होऊन देतो (योहान 10.18). अर्पणाची खूण हीच आहे. जें हिरावून घेतलें तें अर्पण नव्हे; जें प्रीतीनें आपण होऊन दिलें तें अर्पण.

पीक हातीं यावें, काम थांबूं नये, ह्यासाठीं कोणी मेला तर इलाज नाहीं, असें जो मनांत म्हणतो, तो कयफाच्या शेजारीं बसला आहे. मजुराच्या मरणास त्यानें बलिदान म्हणूं नये. जगाच्या पापासाठीं अर्पण एकदांच झालें व तें पूर्ण झालें (इब्री 10.10-14). त्यांत कोणा गरिबाच्या मरणाची भर घालण्याची गरज नाहीं.

4. मग दुःखितास काय सांगावें?

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांत दोन्ही अर्थ एके ठिकाणीं येतात. तो सेवक जुलमानें व खोट्या न्यायानें नेला गेला. त्यानें कांहीं अपराध केला नव्हता. आणि त्यानेंच आपला जीव इतरांच्या पापांसाठीं अर्पिला. आपला प्रभु अन्यायाचा बळी झाला आणि तोच स्वतः अर्पण झाला. म्हणून ज्यांचा जीव अन्यायानें गेला त्यांची वेदना त्याला ऐकीव नाहीं. मनुष्यांच्या न्यायसभेनें त्याजवर जो निकाल दिला, तो देवानें तिसऱ्या दिवशीं फिरविला. विधवेस आपण हेंच सांगावें: तुझ्या पतीचें मरण देवानें मागितलेला बळी नव्हता, परंतु जो स्वतः अन्यायानें मारिला गेला व उठला, तो त्याला विसरला नाहीं, आणि न्याय त्याच्या हातीं आहे.

उपदेशक बंधूंस आमची विशेष विनंति आहे. पेत्राच्या पत्रांतील वचन दुःखिताचें तोंड बंद करण्यासाठीं वापरूं नये. पेत्र ज्या दासांना लिहितो, त्यांस कठोर धन्यांचा मार पडत असे. तो मार न्यायाचा आहे असें पेत्र म्हणत नाहीं. तो त्यास अन्यायच म्हणतो. ख्रिस्तानें उलट शिवी दिली नाहीं, हें खरें, पण शिपायानें थप्पड मारिली तेव्हां 'मला कां मारितोस' असें त्यानें विचारिलें (योहान 18.23). पौलानेंही फिलिप्पै येथें, चौकशीवांचून फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें, असा आग्रह धरिला (प्रेषितांचीं कृत्यें 16.37). सूड सोडणें निराळें आणि न्याय मागण्याचें सोडणें निराळें.

सोसलेल्या दुःखांतून सेवा कशी निघते, ह्याचें उदाहरण पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत आहे. तरुण वयांत, 1874 च्या सुमारास, दुष्काळांत त्यांनीं आईबाप व थोरली बहीण गमाविली. त्या उपासमारीनें कोणाचें भलें झालें नाहीं. ती निव्वळ हानि होती. परंतु 1896 सालीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या आपण होऊन तिकडे गेल्या आणि शेंकडों निराधार मुलींना घेऊन आल्या. पुढें केडगांव येथील मुक्ति सदन त्यांचें घर झालें. पहिली भूक त्यांच्यावर लादली गेली होती. दुसरी वाट त्यांनीं ख्रिस्ताच्या प्रीतीनें निवडिली. अशी वाट निवडण्यास कोणी कोणास भाग पाडूं नये. पण जो निवडील त्याच्याबरोबर मंडळीनें चालावें.

आपल्या गांवांत ही वाट पुष्कळदां लहान असते. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला, त्या घरीं दहाव्या दिवसानंतरही जावें, कारण तोंपर्यंत पाहुणे परतलेले असतात. त्या बाईस तहसील कचेरींत एकटीनें खेटे घालूं देऊं नयेत. मंडळीपैकीं दोघांनीं बरोबर जावें. आपलें शेत असेल तर फवारणीस येणाऱ्या मजुरास मोजे, चष्मा व अंगभर कपडा आपण द्यावा. वाऱ्याच्या तोंडीं फवारावयास लावूं नये. आणि त्यास मळमळूं लागलें किंवा अंधारी आली, तर संध्याकाळची वाट न पाहतां काम थांबवून, कपडे बदलून, साबणानें अंग धुववून त्यास दवाखान्यांत न्यावें. त्या दिवशींचा रोज कापूं नये. एकमेकांचीं ओझीं वाहण्याची आज्ञा (गलतीकरांस 6.2) आपल्या शेताच्या धुऱ्यावर अशीच पाळली जाते.

विचारार्थ प्रश्न

1. आपल्या गांवांत कोणावर संकट आलें असतां आपण त्याचें पाप शोधिलें काय? तेव्हां आपण कोणाच्या मित्रांसारखे झालों?

2. कयफाचा सल्ला आणि ख्रिस्ताचें अर्पण ह्यांत भेद कोणता? आपल्या घरांत किंवा शेतांत, आपल्या सोयीसाठीं दुसऱ्यास सोसावयास लावितों, असें कोठें होतें?

3. ह्या आठवड्यांत मंडळीनें कोणाच्या दारीं जावें? नांव ठरवूनच सभा संपवावी.

ज्यानें आपणांसाठीं स्वतःस अर्पिलें, तो प्रभु आपणांस दुसऱ्याचा बळी देण्यापासून राखो, आणि प्रीतीनें देण्याचें बळ देवो. आमेन.