वृद्ध आईबापांचे औषधपाणी

पुढील प्रसंग आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. घरातील वृद्ध आई खाटेवर बसली आहे. उशाशी गोळ्यांची पिशवी आहे. "आई, गोळ्या घेतेस ना?" असे विचारता ती "हो" म्हणते, परंतु पिशवी उघडून पाहावी, तर महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरविलेल्या! कारण विचारता ती म्हणते, "लेकरा, तुझ्या डोक्यावर बियाण्याचे कर्ज, मी आता किती दिवसांची?"

ही माया खरी, पण तिचे फळ कडू आहे. रक्तदाब वाढला असता पुष्कळदा अंगास काहीच जाणवत नाही. म्हणून गोळी चुकली तरी चालते असे वाटते, आणि एके दिवशी अकस्मात अर्धांगवायू होतो. मग वाचविलेल्या पैशाच्या कित्येक पट खर्च होऊनही माणूस अंथरुणास खिळते. म्हणून आईबापांनी गोळी अर्धी करण्यापूर्वी मुलांनी खर्च कमी करण्याचा मार्ग शोधावा, हा आजच्या धड्याचा मुद्दा आहे.

१. प्रेमाने विचारा. न रागावता, एकांती विचारावे. सर्व गोळ्या व बाटल्या कापडावर मांडून प्रत्येकीचे नाव, वेळ व कारण वहीत लिहावे. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिल्याचेही कधी कधी आढळते. वही व जुन्या चिठ्ठ्या घेऊन आईबरोबर स्वतः डॉक्टरांकडे जावे.

२. डॉक्टरांस खर्च सांगण्यास लाजू नका. तीन प्रश्न विचारावे: कोणते औषध कायमचे आहे? कोणते बंद करता येईल? हेच औषध जेनेरिक मिळेल काय? औषधास दोन नावे असतात. एक आतील द्रव्याचे, दुसरे कंपनीने ठेवलेले. द्रव्याच्या नावाने विकले जाणारे जेनेरिक औषध बहुधा पुष्कळ स्वस्त पडते. अशा औषधांसाठी सरकारने २००८ साली जनऔषधी दुकानांची योजना आरंभिली. मात्र द्रव्य व त्याचे प्रमाण चिठ्ठीप्रमाणेच आहे, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

३. सरकारी साह्य समजून घ्या. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य केले आहेत. म्हणून नेहमीची गोळी प्रथम तेथे मागावी. तसेच ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यांवरील सर्वांस, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मिळते. त्यावर योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास कुटुंबातील अशा वृद्धांस मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. परंतु येथे पुष्कळांची फसगत होते: घरी रोज घ्यावयाची गोळी ह्या कार्डावर मिळत नाही, घरी परतल्यावर १५ दिवसांपर्यंतचा औषधखर्च मात्र त्यात धरलेला असतो. ह्यास्तव आधारकार्ड दाखवून कार्ड आजच काढावे, आणि दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे.

४. भावंडांनी ओझे वाटून घ्या. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने पैसा द्यावा. ज्याच्याजवळ वेळ आहे त्याने दवाखान्यात बरोबर जावे. दूर राहणाऱ्या लेकीने रोज फोनवर गोळीची आठवण द्यावी. ज्या आईबापांस स्वतःचा निर्वाह करता येत नाही, त्यांचा सांभाळ करण्यास सज्ञान मुले २००७ च्या कायद्याने बांधलेली आहेत, आणि त्या सांभाळात औषधोपचारही येतो. परंतु आईबापांचा मान राखणे हे कायद्याच्या धाकाने करावयाचे काम नव्हे.

उपदेशक बंधूंनी घरभेटीस जाताना वृद्धांची पिशवीही पाहावी. जेथे वाचता येणारे कोणी नाही, तेथे वही आपण लिहून द्यावी. अशी एक वही एखाद्या आईस अर्धांगवायूपासून वाचवील.

विचारासाठी प्रश्न
१. वृद्ध माणसे आपले दुखणे व खर्च का लपवितात?
२. आपल्या आईबापांच्या प्रत्येक गोळीचे कारण आपणांस सांगता येईल काय?
३. आयुष्मान कार्डावर काय मिळते व काय मिळत नाही?