राणीच्या बागेतील हिवाळा

लालबागच्या नावातच बाग आहे. परंतु या वस्तीची खरी ओळख गिरण्यांची. एकेकाळी येथील आकाशात धुराड्यांची रांग दिसे. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. ज्या चाळी उरल्या आहेत, त्यांच्या गॅलरीत मात्र अजूनही पत्र्याच्या डब्यांतून तुळस, जास्वंद, गवती चहा वाढताना दिसतो. माती ओंजळभर, ऊन सकाळचे तासभर. तरीही एखाद्या डब्यात जास्वंद फुलते आणि लगेच शेजारच्या खोलीतून तिची फांदी मागितली जाते. अशी फांदी कधी रुजते, कधी चार दिवसांत वाळून जाते. ती का वाळली, हे सांगणारा मात्र चाळीत सहसा कोणी भेटत नाही.

ते सांगणारी माणसे हिवाळ्यात जवळच भेटतात. लालबागहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने दक्षिणेकडे चालत गेले की भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान लागते. १९६९ पासून हे त्याचे नाव असले, तरी लोकांच्या तोंडी ती ‘राणीची बाग’च आहे. साधारणपणे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी मुंबई महानगरपालिका येथे फुले, फळे व भाज्या यांचे प्रदर्शन भरवते. त्याच दिवसांत उद्यानविद्येच्या कार्यशाळाही होतात. फुलांनी मढविलेल्या प्रतिकृतींपुढे गर्दी होते, हे साहजिकच आहे. परंतु घरी नेण्याजोगी गोष्ट मिळते ती कार्यशाळेच्या मंडपात.

अशा विद्येचा या बागेशी संबंध जुना आहे. पश्चिम भारतात शेती व बागाईत सुधारावी, या हेतूने १८३० साली मुंबईत एक संस्था स्थापन झाली. तिची पहिली बाग लालबागच्या शेजारी, शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली. भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांसाठी खुली झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड या दोघांचा या कार्याशी निकटचा संबंध होता. दोघेही वैद्यकशास्त्राचे जाणकार. वनस्पतींचे मोल त्यांना निराळे सांगावे लागत नव्हते. १८७३ साली बाग नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय त्यानंतरचे. पेंग्विन पाहण्यासाठी धावणाऱ्या मुलांना हे सहसा ठाऊक नसते, की येथे झाडे आधी आली आणि प्राणी मागाहून.

आज या बागेत सुमारे ३,००० झाडे असून त्यांच्या जाती अडीचशेहून अधिक आहेत. त्यांतील कित्येक परदेशांतून आलेली आहेत. हिवाळ्यात त्यांचे स्वभाव अधिक स्पष्ट दिसतात. आफ्रिकेची गोरखचिंच या दिवसांत पाने टाकून उघडी उभी असते. तिच्या फुगीर खोडात पाण्याचा साठा असतो, म्हणून तिला कोरड्या ऋतूची भीती नाही. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यातील कैलासपतीला फुले येतात ती थेट खोडावर. त्या फुलात शिवलिंगावर फणा धरलेला नाग दिसतो, म्हणून आपल्या लोकांनी त्या परक्या झाडाला शंकराचे नाव देऊन टाकले.

ही झाडे आज उभी आहेत, यात नागरिकांचाही वाटा आहे. २००७ साली प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेचा मोठा आराखडा पुढे आला. त्यात जुन्या वृक्षांचे काय होणार, या चिंतेने काही नागरिक एकत्र आले. त्यांत महिला अग्रभागी होत्या. त्यांनी झाडांची ओळख करून घेतली, लोकांना बागेत फिरवून एकेका झाडाचे नाव सांगितले आणि आपले म्हणणे अधिकाऱ्यांपुढे मांडले. अखेरीस तो आराखडा बदलावा लागला. ज्या झाडाचे नाव कोणालाच ठाऊक नसते, त्याच्यासाठी भांडायला कोण येणार?

या बागेचे एक भूषण म्हणजे उर्वशी. हा मूळचा ब्रह्मदेशातील वृक्ष. नथॅनिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली तेथील एका मठाच्या बागेत तो पाहिला आणि त्यावेळच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट यांचे नाव त्याला दिले. हिवाळ्यात उर्वशीला तांबड्या फुलांचे लांब घोस येतात. पाकळ्यांच्या टोकांना पिवळे ठिपके असतात आणि सारा घोस झुंबरासारखा खाली लोंबतो. एवढे रूप लाभलेल्या या वृक्षाला बी मात्र क्वचितच धरते. तेव्हा त्याचा वंश चालतो तो बहुधा माळ्याच्या हातांनी, गुटी बांधून.

गुटी बांधण्याची रीत समजण्यास सोपी आहे. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची साल बोटाच्या पेराएवढ्या रुंदीने, कड्यासारखी गोल काढतात. मुळांकडून येणारे पाणी आतल्या लाकडातून वर चढत राहते, त्यामुळे फांदी सुकत नाही. पानांनी तयार केलेले अन्न मात्र सालीतून खाली उतरत असते. वाट तुटल्यामुळे ते कापाच्या वरच्या कडेशी साठते. तेथे ओले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बांधला, की काही आठवड्यांत त्याच जागी मुळे फुटतात. मग गुटीच्या खाली फांदी कापावी आणि ती कुंडीत लावावी. डाळिंब, लिंबू यांनाही हीच रीत चालते. चाळीतल्या जास्वंदीलाही चालते. मागून आणलेली नुसती फांदी वाळे, कारण मुळे फुटण्याआधीच तिचे पाणी तुटलेले असे.

थंडीच्या कोरड्या हवेत मात्र शेवाळ लवकर वाळते. म्हणून गुटी हिवाळ्यात शिकावयाची आणि बांधावयाची ती पावसाळ्यात. तोपर्यंत लालबागच्या गॅलरीतील मुलाने एवढेच करावे : जास्वंदीची एक निरोगी, सरळ फांदी निवडून तिला सुतळीची खूण बांधून ठेवावी आणि जून महिन्याची वाट पाहावी.