गच्चीवरचा डबा केवढ्याला पडतो?

रात्री अकरानंतर वास आला की खिडक्या लावून घ्यायच्या, ही सवय बोईसरच्या अनेक घरांना लागली आहे. अशाच घरांतून मला विचारणा होते, ‘हवा मोजायचं मशीन केवढ्याला मिळेल?’ मी आधी विचारतो, मोजायचंय काय? धूळ, वास, की बोअरचं पाणी? तिन्हींचे सेन्सर वेगळे, भाव वेगळे, आणि एकाचं काम दुसरा करत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात बोईसरला लागून असलेलं तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वर होतं. अशा गावात मोजावंसं वाटणारच. पण पैसे खर्च करायच्या आधी हिशेब नीट समजून घ्या. खाली दिलेले भाव साधारण आहेत, दुकानागणिक शेकडा दहा-वीस वरखाली धरून चाला.

धुळीपासून सुरुवात करू, कारण स्वस्तात बऱ्यापैकी मोजता येते ती हीच. वायफाय असलेला ईएसपी-३२ बोर्ड ४५० रुपये. सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५ मोजणारा पीएमएस-५००३ सेन्सर २,००० च्या आसपास. तापमान आणि आर्द्रतेसाठी बीएमई-२८० हा ४०० चा. पावसात टिकेल असा प्लास्टिकचा डबा ३००, चांगला अॅडॉप्टर २५०, वायर आणि कनेक्टर २००. बेरीज ३,६००. विजेचा खर्च नगण्य आहे: दोन वॅटचा डबा महिनाभर चालून दीड युनिटसुद्धा जाळत नाही. विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात, तर लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. फक्त बीएमई मागितल्यावर बीएमपी-२८० हातात पडत नाही ना, ते बघा. दिसायला दोन्ही सारखेच, पण बीएमपी आर्द्रता मोजत नाही, आणि आपल्याला हवी आहे नेमकी तीच.

त्याचं कारण समुद्र. हे सेन्सर कणावर प्रकाश टाकून तो किती विखुरतो ते बघतात. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा खऱ्याहून मोठा दिसतो. जुलैतल्या बोईसरच्या आकड्यावरून कुणाशी भांडायला जाऊ नका. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तेव्हाची नोंद वेगळ्या रंगात ठेवा. आपल्याकडची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. क्षणभराच्या आकड्याची तुलना या मर्यादांशी करायची नसते, दिवसभराची सरासरी काढायची असते. डबा लावल्यावर पहिले दोन आठवडे ‘समीर’ अॅपवर जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा बघून आपल्या आकड्याशी ताडून घ्या. याला पैसे पडत नाहीत, आणि हे केल्याशिवाय डब्याला अर्थ नाही.

पीएमएसऐवजी एसडीएस-०११ घ्यायचा विचार असेल, तर त्याच्या लेझरचं आयुष्य आठ हजार तास सांगितलेलं आहे. अहोरात्र चालवलात तर ३३३ दिवसांत संपला. दर पाच मिनिटांत एकच मिनिट चालवलात तर साडेचार वर्षं पुरेल. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये २०१५ साली नागरिकांनी जे हवामापनाचं जाळं सुरू केलं, ते याच सेन्सरवर वाढलं. त्यांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणजे प्रोग्रॅम लिहून घ्यायचा खर्च वाचतो.

माझा पहिला डबा मी गच्चीच्या कठड्याला टांगला होता. सप्टेंबरात उघडला तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरा चढलेला, आणि वायरच्या भोकातून आत शिरलेल्या मुंग्यांनी पंख्याच्या तोंडाशी पांढरी अंडी घातलेली. पंखा फिरत नव्हता, पण फोनवर आकडा येतच होता, रोज तोच, चौदा. दीड महिना मी हवा चांगली आहे असं धरून चाललो होतो. तेव्हापासून ८० रुपयांची बारीक जाळी आणि सोल्डरवर मारायचा लाखेसारखा लेप, असे तीनशेएक रुपये मी हिशेबात धरतोच. रेषा फार सरळ दिसली की आधी डबा उघडून बघतो.

आता वास. बाजारात एमक्यू-१३५ हा दीडशे रुपयांचा सेन्सर ‘एअर क्वालिटी’ म्हणून विकतात. तो अमोनियालाही बोलतो, अल्कोहोललाही, धुरालाही. कोणता वायू, किती, ते सांगत नाही. तो घेऊ नका. एकाच वायूचं नाव सांगणारे सेन्सर असतात, पण ते हजारोंच्या घरात जातात आणि ठरावीक काळाने बदलावे लागतात. वासासाठी मी वीस रुपयांची वही सुचवतो. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कशासारखा, डोळे चुरचुरले का. चार घरांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलं, तर वारा कुठून कुठे जातो ते दिसायला लागतं.

या वहीला किंमत आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये तारापूरच्या सांडपाण्यावरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागला. इतकी वर्षं चालणाऱ्या लढ्यात नोंदीच उभ्या राहतात. तुमच्या डब्याचा आकडा हा कायदेशीर नमुना नव्हे, तो मंडळाच्या माणसाला योग्य वेळी बोलावण्यासाठी आहे. शिवाय जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना स्वतःच ऑनलाइन मापनयंत्रं बसवून आकडे मंडळाला पाठवावे लागतात, तसा केंद्रीय मंडळाचा २०१४ चा आदेश आहे. ते आकडे माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाचं शुल्क १० रुपये. हवेसाठी केलेला माझ्या मते हा सर्वांत किफायतशीर खर्च.

पाण्याचं थोडक्यात. बोअरचा क्षार बघायला तीनशे रुपयांचा टीडीएस पेन पुरे, इंटरनेट जोडायची गरज नाही. ५०० पर्यंत चालतं, पर्यायच नसेल तर २,००० पर्यंत. मात्र रसायन मिसळलंय का, ते टीडीएस सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. जल जीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत आधी तिची चौकशी करा.

खरा समाधानाचा डबा मी टाकीवर बघतो. घरच्या टाकीसाठी यंत्र नकोच, तीनशेचा फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. पण जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्याचं चित्र निराळं आहे. पाऊस धो धो पडतो आणि मार्चपासून टँकरची वाट. टाकी वर टेकाडावर, पंप खाली, आणि टाकी भरली की नाही ते बघायला कुणीतरी चढून जायचं. तिथे मोबाइलची रेंज नसली तरी लोरा नावाचा रेडिओ चालतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. घेताना ८६८ चं मॉड्यूल मागा, ४३३ चं नको. दोन बोर्ड, दोन लोरा, दोन अँटेना मिळून २,५००. पाण्याची पातळी मोजणारा वॉटरप्रूफ सेन्सर ३५०. सोलर पॅनेल, बॅटरी, चार्जिंगचं सर्किट १,०००. डबे आणि अॅडॉप्टर ८५०. एकूण ४,७००. हा सेन्सर वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं ओळखत नाही, म्हणून भरल्या पाण्याच्या निदान फूटभर वर बसवा, नाहीतर टाकी वाहत असताना तो भलताच आकडा दाखवेल.

मोबाइलच्या सिमवर डबा चालवायचा असेल तर स्वस्त टूजी मॉड्यूलच्या नादी लागू नका. जिओकडे टूजी नाहीच. फोरजीचं मॉड्यूल १,५०० ला येतं आणि रिचार्ज वर्षाला दोन हजारांच्या वर जातो. घराचं वायफाय पोचत असेल तिथेच डबा ठेवा.

सातपाटी-मुरब्याच्या मच्छीमार मंडळींनी मात्र नावेवर असं यंत्र बसवायला पदरचे पैसे काढण्याआधी थांबावं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरलाच पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी निरोप जातो, मोबाइलची रेंज लागत नाही, आणि मच्छीमाराला तो मोफत आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात नौकेची कागदपत्रं घेऊन जा.

डबा दुसऱ्याकडून जोडून घेतलात तर हजार ते दीड हजार मजुरी द्या, आणि प्रोग्रॅमची फाइल, पासवर्ड, जोडणीचा फोटो हे तिन्ही हातात घेतल्याशिवाय शेवटचे पाचशे देऊ नका. शाळेने किंवा सोसायटीने डबा घेतला तर किमतीच्या निम्मे पैसे दुसऱ्या वर्षासाठी बाजूला काढावेत: सेन्सर बदलायला, जाळी साफ करायला, कुणाला तरी शिडीवर चढवायला. आणि नवा डबा लावायचा असेल तर दिवाळीच्या सुमारास लावा. हवा कोरडी होते, आकड्यांवर भरवसा ठेवता येतो, आणि पुढच्या पावसाआधी सात महिने हातात असतात.