मांजराची शस्त्रक्रिया : केव्हा करावी, काळजी कशी घ्यावी



भाताची कणगी, पेंडीचे पोते आणि बियाणे उंदरांपासून राखायचे तर शेतकऱ्याच्या घरी मांजर लागतेच. पण मांजरी वर्षातून दोन-तीनदा व्याली की पिल्लांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. मग पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या वाटेवर, ओढ्याकाठी, कधी चर्चच्या आवारातही सोडली जातात. डोळे न उघडलेली ती पिल्ले भुकेने, थंडीने किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरतात. हे पाप कोणाला आवडते असे नाही. दुसरा उपाय ठाऊक नसतो म्हणून ते घडते. तो उपाय आहे, आणि नीट काळजी घेतली तर तो सुरक्षितही आहे.

मांजरीची वीण

मांजरी साधारण 5 ते 6 महिन्यांची झाली की माजावर येते, काही त्याआधीही येतात. ती रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग उचलते. पुष्कळांना ती आजारी आहे असे वाटते. बोका न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा माजावर येते. गाभणपण सुमारे 9 आठवड्यांचे असते आणि एका वेताला बहुधा 3 ते 5 पिल्ले होतात. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पहिल्या वेतातल्या माद्या त्याच वर्षी व्यायला तयार होतात. म्हणजे आज एक मांजरी असलेल्या घरी वर्षअखेर किती होतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शस्त्रक्रियेत काय करतात ?

मांजरीला पूर्ण भूल देऊन पोटावर किंवा कुशीवर लहान छेद घेतात आणि बीजकोश, बहुधा गर्भाशयही, काढून टाकतात. त्यामुळे माज कायमचा थांबतो. बोक्याचे वृषण काढतात. त्याची जखम लहान असते आणि पुष्कळदा टाकेही लागत नाहीत.

याचे लाभ केवळ पिल्ले थांबण्यापुरते नाहीत. मांजरीला गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होत नाही. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केल्यास सडांच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ कमी होतो. बोका दूर भटकत नाही, मारामाऱ्या कमी करतो, त्यामुळे चाव्यांची गळवेही कमी होतात. घरात उग्र वासाचे मूत्र उडवण्याची खोडही बहुधा जाते.

शस्त्रक्रियेनंतर मांजर उंदीर मारीत नाही, ही समजूत चुकीची आहे. शिकारीची ओढ माजावर अवलंबून नसते. मात्र भूक वाढते आणि हालचाल थोडी कमी होते. म्हणून खाणे बेताने द्यावे, नाहीतर मांजर लठ्ठ होते.

माज थांबवणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने दुकानातून आणून कधीही देऊ नयेत. त्यांनी गर्भाशयात पू होतो व सडांना गाठी येऊ शकतात.

एक शंका

काही भाविक विचारतात, माणसाने नसबंदी करू नये असे चर्च सांगते, मग जनावराची कशी चालेल ? ती शिकवण पती-पत्नीच्या विवाहित जीवनाविषयी आहे, जनावरांविषयी नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या बैल खच्ची करून औताला जुंपत आलो आहोत. उलट, 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, जनावरे ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेने वागणे हे आपले देणे आहे आणि त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे सांगितले आहे. तेव्हा शस्त्रक्रियेबद्दल मनाला टोचणी नको. टोचणी लागायची तर ती पोत्यातल्या पिल्लांची लागावी.

केव्हा आणि कोणाकडून ?

4 ते 5 महिन्यांचे वय उत्तम. मोठ्या मांजराचीही करता येते. मांजरी माजावर असेल, गाभण असेल किंवा नुकती व्याली असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. पिल्ले पीत असतील तर ती खाऊ लागेपर्यंत थांबावे आणि तोवर मांजरीला बोक्यापासून दूर, घरात ठेवावे. सर्दी, हगवण किंवा फार अशक्तपणा असल्यास आधी उपचार करावेत. बोक्याचा एकच वृषण हाताला लागत असेल तर तेही सांगावे.

शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्याकडूनच करवावी. जनावरांवर वैद्यकी कोणी करावी, हे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ठरवून दिले आहे. बोक्याला पोत्यात कोंबून ब्लेडने खच्ची करणारे हात गावात असतात. भुलीवाचून केलेले ते काम क्रूर आहे, शिवाय रक्तस्रावाने आणि जखम चिघळून बोका दगावतो.

खेड्यातल्या प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात मांजराला भूल देण्याची सोय नसते. म्हणून आधी जाऊन तीन प्रश्न विचारावेत : मांजराचे वजन करून भूल देता का ? वेदना कमी करणारे औषध देता का ? टाके विरघळणारे आहेत की काढावे लागतील ? चार-पाच घरांनी मिळून दिवस ठरवला तर गाडीभाडेही वाटून घेता येते. पेरणी किंवा मळणीची घाई असताना दिवस ठरवू नये, कारण नंतर घरी लक्ष देणारे माणूस हवे.

आदल्या रात्री

1. मांजराला एका खोलीत कोंडून ठेवावे. हे सर्वांत महत्त्वाचे. मोकळे मांजर रात्री उंदीर खाऊन येते आणि आपण समजतो की ते उपाशी आहे. पोट भरलेले असेल तर भुलीत ओकारी होते व ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

2. मोठ्या मांजराला शस्त्रक्रियेआधी 6 ते 8 तास खाणे किंवा दूध देऊ नये. पाणी सकाळपर्यंत चालते. लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्याचे तास डॉक्टरांना विचारावेत.

3. नेताना झाकण बांधलेली बांबूची करंडी घ्यावी, आत जुने लुगडे घालावे. एका करंडीत एकच मांजर. पोत्यात बांधून मोटारसायकलला अडकवू नये.

पकडताना मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे. मांजरालाही 3 महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी.

घरी आणल्यावर

पहिली रात्र बंद, उबदार खोलीत, जमिनीवर स्वच्छ कपड्यावर ठेवावे. माळ्यावर किंवा खिडकीत ठेवू नये, भुलीच्या गुंगीत ते पडते. चुलीजवळही नको. कुत्रा आणि मुले दूर ठेवावीत. नीट चालू लागले की थोडे पाणी, मग नेहमीच्या निम्मे खाणे द्यावे.

मांजरीला 10 ते 14 दिवस आणि बोक्याला आठवडाभर बाहेर सोडू नये, विशेषतः पावसाळ्यातल्या चिखलात. शौचासाठी माती किंवा राखेऐवजी फाडलेला कागद ठेवावा, म्हणजे जखमेला काही चिकटणार नाही. ते जखम चाटत असेल तर डॉक्टरांकडून गळ्यातला पट्टा आणावा. अंघोळ घालू नये. रोज दोनदा जखम पाहावी. थोडी सूज चालते.

जखमेवर हळद, तेल, राख, तंबाखू, रॉकेल लावू नये. डेटॉल आणि फिनेल मांजराला विषारी आहेत. फरशीही फिनेलने पुसू नये. दुखते म्हणून आपल्या घरची गोळी मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

पुढील लक्षणे दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे : रक्त थांबत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, श्वासाला त्रास होतो, दुसऱ्या सकाळीही गुंगी उतरली नाही, दिवसभर काही खाल्ले नाही, वारंवार ओकारी होते, पोट फुगले, टाके उसवले, जखमेतून पू किंवा दुर्गंध येतो.

बोक्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून मांजरी गाभण राहू शकते. म्हणून सुमारे 6 आठवडे त्याला शस्त्रक्रिया न झालेल्या मांजरीपासून वेगळे ठेवावे.

भुलीत थोडा धोका असतोच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण निरोगी मांजर, रिकामे पोट, जाणता डॉक्टर आणि घरची दहा दिवसांची काळजी, या चार गोष्टी असतील तर तो फार थोडा राहतो. ज्यांच्या घरी यंदाची पिल्ले आता खेळू लागली आहेत, त्यांनी ती 4 महिन्यांची होण्याआधी दवाखान्यात जाऊन दिवस ठरवून यावा. पिल्लांच्या आईलाही त्याच वेळी न्यावे.