बोटाला मिळणारी पोंच

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतील अधू दृष्टीच्या एका विद्यार्थ्यानें शिष्यवृत्तीच्या कचेरीस पाठविण्यासाठीं संगणकावर एक अर्ज लिहिला. पडद्यावरील अक्षरें कितीही मोठीं केलीं तरी त्यास तीं धडपणें वाचतां येत नसत. तो लिहीत असे तो सर्वस्वीं बोटांच्या भरंवशावर. अर्जाचें शेवटचें वाक्य त्याच्या मनांत असें होतें : "मूळ गुणपत्रिका पाहून प्रत पाठवावी." कागदावर उमटलें तें असें : "मूळ गुणपत्रिका पाहून परत पाठवावी." कचेरीनें विनंतीप्रमाणें मूळ गुणपत्रिका परत पाठविली, आणि ती दप्तरीं नाहीं या कारणास्तव त्याचा अर्ज त्या वर्षीं अपुरा ठरला. आम्हीं त्यास निष्काळजीपणाबद्दल बोल लावला. तो एवढेंच म्हणाला, "सर, पाय मोडण्याची कळ मी दाबली होती. ती बोटाखालीं दबलीही होती."

१९८६ सालीं ठरलेल्या इन्स्क्रिप्ट या मांडणींत 'प्र' लिहावयाचा म्हणजे प, मग पाय मोडण्याची खूण, मग र, अशा तीन कळा दाबाव्या लागतात. मधली उमटली नाहीं तर 'प्रत' चें 'परत' होतें. आणि हा शब्दही शुद्ध असल्यानें शब्द तपासणारी संगणकाची सोय त्यास हरकत घेत नाहीं. मुलाचें म्हणणें खरें धरलें तर कळ दबली, पण अक्षर गेलें नाहीं. असें होऊं शकतें काय, हें पाहण्यासाठीं आम्ही कळांच्या रचनेकडे वळलों, आणि एरव्हीं ज्या वस्तूकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं तींत केवढें शास्त्र भरलें आहे हें पाहून चकित झालों.

जुन्या टंकलेखनयंत्रांत ही अडचण नव्हती. तेथें बोटाच्या जोरानेंच दांडी उचलली जाई, खिळा फितीवर आदळे आणि अक्षर कागदावर उमटे. त्या आदळण्याचा धक्का बोटास लागे, आवाज कानास येई. नोंदणीच्या पत्राची पोंच जशी पाठविणाराकडे परत येते, तशी प्रत्येक अक्षराची पोंच बोटाकडे येत असे, आणि ती देण्यासाठीं कोणास वेगळी योजना करावी लागत नसे. काम झालें हीच पोंच. मुंबईच्या गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं बनवावयास घेतलेलीं असलीं यंत्रें २००९ सालीं बंद झालीं. संगणकाच्या कळेस यांपैकीं कोणतेंच काम नाहीं. तिनें दोन तारांचा संबंध जुळवून आणला कीं पुरे, आणि त्यास मुंगीचें बळही पुष्कळ झालें. मात्र काम गेलें तशी पोंचही गेली, आणि ती आतां मुद्दाम घडवावी लागली. १९७० नंतरच्या दशकांत आयबीएम कंपनीच्या कांहीं कळफलकांत दर अक्षरागणिक 'टक्' असा आवाज करणारें विजेचें एक लहानसें उपकरण केवळ एवढ्यासाठीं बसविलेलें असे!

पण आवाज ही पोंचेची एक बाजू झाली. बोट ज्या भाषेंत समजतें ती भाषा प्रतिकाराची. साधी स्प्रिंग दाबून पाहा. जितकी दाबावी तितका तिचा विरोध वाढत जातो. हा हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा १६७८ सालचा सुप्रसिद्ध नियम आहे. या चढत्या विरोधांत कोठेंही खूण नाहीं, म्हणून अक्षर नेमकें कोणत्या क्षणीं गेलें तें बोटास उमगत नाहीं. आतां जाड कागदाची वीतभर लांबीची पट्टी मेजावर उभी धरा व वरच्या टोंकावर बोट ठेवून हळूहळू दाबा. प्रथम ती ताठ राहील, विरोध वाढेल, आणि मग एका क्षणीं ती अकस्मात् बाजूस वाकेल व बोट खालीं जाईल. उभ्या खांबाचें असें वाकणें किती भारास घडतें, याचें गणित ऑयलरनें १७४४ सालीं मांडलें. जत्रेंत मिळणाऱ्या पत्र्याच्या टिकटिक्या बेडकाच्या पोटांतही हाच प्रकार आहे : पत्रा विरोध करितो, करितो, आणि एकदम हार खातो. ही जी हार, हा जो विरोधाचा अचानक उतार, तीच बोटाची पोंच. बोटाच्या टोंकांत, कातडीखालीं, मंद कंप ओळखणारे व जलद कंप ओळखणारे असे निरनिराळे ज्ञानतंतूंचे गोळे असतात. मिसनर व पाचिनी या शास्त्रज्ञांचीं नांवें त्यांस मिळालीं आहेत. स्थिर दाबापेक्षां असला आकस्मिक बदल त्यांस फार चटकन् कळतो.

१९८१ हें एकच साल घेतलें तरी या विद्येचीं दोन टोंकें दिसतात. त्या वर्षीं इंग्लंडांत सिंक्लेअर यांचा झेडएक्स८१ हा स्वस्त संगणक निघाला. त्याचा कळफलक म्हणजे एक सपाट पापुद्रा. कळांच्या जागीं नुसतीं छापलेलीं चौकोनी चित्रें. दाबलें तर बोट ना खालीं जाई ना वर येई; अक्षर गेलें कीं नाहीं तें दर वेळीं पडद्याकडे पाहूनच ठरवावें लागे. त्याच वर्षीं अमेरिकेंत आयबीएमनें आपला घरगुती संगणक काढला. त्याच्या कळफलकांतील प्रत्येक कळेखालीं एक उभी स्प्रिंग होती. या योजनेचें पेटंट रिचर्ड हंटर हॅरिस यांस १९७८ सालीं मिळालें होतें, आणि ती थोडी थांबून समजून घेण्याजोगी आहे. स्प्रिंगेचें खालचें टोंक झुलत्या पट्टीवर बसविलेलें असतें. कळ खालीं येतांना स्प्रिंग आखडते. कांहीं अंतरानंतर ती आपल्या कागदाच्या पट्टीप्रमाणें एकाएकीं बाजूस वाकते, नळीच्या भिंतीवर आपटून टिचकी वाजविते, आणि त्याच हिसड्यानें खालची पट्टी झुकवून संगणकास अक्षर कळविते. विरोध उतरणें, टिचकी वाजणें आणि अक्षर जाणें, हीं तिन्हीं एकाच वाकण्याचीं फळें! पोंच आणि काम यांचा इतका निकट संबंध आम्हांस दुसऱ्या कोणत्याही कळेंत आढळला नाहीं. १९८५ च्या सुमारास आलेल्या 'मॉडेल एम' या कळफलकांतही स्प्रिंगेची हीच युक्ति कायम राहिली. कित्येक जुने लेखक तो अद्याप जपून ठेवितात, तें निव्वळ हौसेपायीं नव्हे.

शाळांतून व कचेऱ्यांतून जे कळफलक आज सर्रास दिसतात त्यांत मात्र स्प्रिंग नसते. प्रत्येक कळेखालीं रबराची एक लहानशी घुमटी असते, आणि तिच्याखालीं एकमेकांपासून किंचित् अंतरावर ठेवलेले दोन पातळ पापुद्रे. कळ दाबली कीं घुमटी कोसळते, तिच्या पोटांतील खुंटी वरचा पापुद्रा खालच्यावर टेकविते, आणि विजेचा संबंध जुळतो. रबराची घुमटी स्वस्त, मुकी आणि पाण्याच्या शिंतोड्यांस न भिणारी. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण पोंच देते ती घुमटी आणि काम करितात ते पापुद्रे. घुमटी आधीं कोसळते, संबंध त्यानंतर तळाशीं जुळतो. कळफलक नवा आहे तोंवर हें अंतर जाणवतही नाहीं. तो झिजला कीं घुमटी इमानें पोंच देतच राहते, आणि पत्र मात्र पोंचलेलें नसतें.

पोंच तोकडी करूनही चालत नाहीं, याचा धडा ॲपल कंपनीस मिळाला. मांडीवरील संगणक पातळ करण्याच्या हव्यासानें तिनें २०१५ सालीं फुलपांखराच्या पंखांसारख्या आधारावर बसविलेल्या कळा काढल्या. या कळा डुगडुगत नसत, हा त्यांचा गुण. पण त्यांचा प्रवास एका मिलिमीटरहूनही कमी, आणि धुळीचा एखादा कण आंत गेला कीं अक्षर दोनदां उमटे किंवा मुळींच उमटत नसे. २०१९ च्या अखेरीपासून कंपनी पुन्हां कातरीसारख्या जुन्या आधारांकडे वळली, आणि २०२२ सालीं ग्राहकांच्या दाव्यांत ५ कोटि डॉलर देण्यास तिनें मान्यता दिली.

आतां त्या विद्यार्थ्याच्या कळफलकाकडे येऊं. कळेची परीक्षा करण्यास महागडीं उपकरणें लागत नाहींत. २०११ सालच्या मालिकेंतील पांच रुपयांचें नाणें बरोबर ६ ग्रॅम वजनाचें असतें. आम्हीं कळफलक सपाट मेजावर ठेविला व पाय मोडण्याच्या कळेवर एकेक नाणें अलगद रचूं लागलों. दहावें नाणें ठेवतांच कळ धाडकन् खालीं बसली. म्हणजे घुमटी सुमारें ६० ग्रॅमला कोसळली. (ती अर्ध्यावर न थांबतां थेट तळास जाते, तें कां, हें विद्यार्थ्यांनीं वरील कागदाच्या पट्टीवरून ताडून पाहावें.) पडद्यावर मात्र कांहींच उमटलें नाहीं. अकरावें नाणें ठेविलें, बारावें ठेविलें. तेराव्यास खूण उमटली. शेजारच्या कळांवर हाच प्रयोग केला तेव्हां कळ बसतांच अक्षर येई. कळफलक उघडला तेव्हां त्या कळेखालच्या पापुद्र्यावर ओल लागून विजेची रेघ काळवंडलेली दिसली, आणि घुमटी अगदीं धड होती. बोटानें मुलास खोटें सांगितलें नव्हतें; बोटालाच खोटी पोंच मिळाली होती. आम्हीं त्यास बोलावून नाणीं त्याच्या हातानें रचावयास लाविलीं, आणि आमचे शब्द परत घेतले.

त्यास पुढें धातूच्या लवचीक पत्त्यांच्या कळा असलेला कळफलक आणून दिला. असल्या कळा चेरी या कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणल्या. त्यांच्या एका प्रकारांत सुमारें ४ मिलिमीटरांच्या प्रवासाच्या मध्यावरच टिचकी वाजते व तेथेंच अक्षर जातें, त्यामुळें बोट तळापर्यंत आपटावें लागत नाहीं. या कळाही अमर नव्हेत. पत्ती झिजली तर त्याही फसवितील, म्हणून वर्षांतून एकदां नाणीं रचण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आहे. दोन कळांवर, म्हणजे इन्स्क्रिप्टमध्यें ऱ्हस्व वेलांटीच्या व र च्या कळेवर, बारीक उंचवटे आहेत, तसे ते बहुतेक सर्व कळफलकांवर असतात. त्यांवर दोन्ही तर्जन्या टेकविल्या कीं सारी मांडणी न पाहतां हातीं येते. पाय मोडण्याची कळ वेलांटीच्या डावीकडे लागूनच आहे. कळफलकाचा आवाज फार होतो अशी शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांची तक्रार आहे, व ती रास्त आहे. आम्हीं मधलें दार लावून घेतों.

पुढील वर्षीं त्यानें तोच अर्ज पुन्हां लिहिला. आम्ही मागें उभे होतों. 'प्रत' या शब्दापाशीं त्याचीं बोटें जरा सावकाश चाललीं, आणि आम्हांस चार टिचक्या ऐकूं आल्या.